वाचकांचे प्रश्न: पहिली शिकारीची बॅग, बजेट 250 डॉलर

प्रश्न: काका, मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि या ऑक्टोबरला ऑफिसातल्या दोघांबरोबर फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात मादी एल्कच्या (एल्क म्हणजे मोठ्या हरणाची जात) टॅगवर, म्हणजे शिकारीच्या परवान्यावर, जायचं ठरलंय. बाकी सगळं जमलं, बॅगेपाशी गाडी अडलीय. व्हिडिओत सगळे 600-800 डॉलरच्या बॅगा दाखवतात, माझं बजेट 250 च्या आत. घरी 65 लिटरची ट्रेकिंगची बॅग आहे, सह्याद्रीतही वापरलेली. ती चालेल का, का नवीन घ्यावीच लागेल?

उत्तर: चालेल, पण अर्ध्याच कामाला. जाताना पाठीवर काय असणार, तंबू, स्लीपिंग बॅग, चार दिवसांचं खाणं, पाणी, म्हणजे 40-45 पौंड, ते तुझी ट्रेकिंगची बॅग आरामात नेईल. खरा प्रश्न येतो जनावर पडल्यावर. मादी एल्क जिवंत साधारण 500 पौंडांची, हाडं काढून टाकली तरी सव्वाशे-दीडशे पौंड मांस निघतं, एकटी मागची मांडी हाडासकट 50 पौंडांच्या आसपास भरते, नर असेल तर अजून बरीच जास्त. आणि फ्लॅट टॉप्सचा मोठा भाग वाइल्डरनेस, म्हणजे कायद्याने राखलेलं रान आहे. 1964 च्या कायद्यामुळे तिथे एटीव्ही (रानात चालणारी छोटी मोटरगाडी) तर सोडच, चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही, म्हणजे घोडा नाहीतर माणसाची पाठ. खाण्याजोगं मांस रानात सोडून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करू नये असं मला मनापासून वाटतं, एवढं मोठं जनावर मारायचं आणि मग दमलो म्हणून फरे तिथेच टाकायचे हे कुणालाच शोभत नाही. तेव्हा ट्रेलहेडपासून, म्हणजे गाडी ठेवून जिथून पायवाट सुरू होते तिथून, किती लांबवर ट्रिगर दाबायचा हे तुझी बॅग आणि तुझे गुडघे ठरवणार, रायफल नाही.

म्हणून पहिल्या बॅगेत पैसे घालायचे ते फ्रेममध्ये आणि कंबरपट्ट्यात. खिसे, कॅमोफ्लाज, पाण्याच्या पिशवीची सोय, स्पॉटिंग स्कोपचा कप्पा हे सगळं नंतर. साध्या ट्रेकिंग बॅगेची आतली पट्टी 40-45 पौंडांना ठीक असते, 70-80 पौंड टाकले की ती वाकते, बॅग खाली बसते, पट्टा कंबरेवरून घसरतो आणि सगळं वजन खांद्यावर येतं. शिकारीच्या बॅगेची फ्रेम कडक असते आणि खांद्यांच्या वर चार-पाच इंच जाते, त्यामुळे वरचे ते छोटे पट्टे, लोड लिफ्टर म्हणतात ते, साधारण 45 अंशात मागे-वर जातात आणि वजन खांद्यावरून उचलून कंबरेकडे देतात. फ्रेम बुटकी असेल तर ते पट्टे आडवेच राहतात आणि नुसते शोभेला उरतात. दुसरी गोष्ट लोड शेल्फ, म्हणजे पिशवी फ्रेमपासून सुटी करून मधल्या जागेत मांस बांधायचं. मांस पाठीला चिकटून राहतं, आणि पिशवीतल्या स्लीपिंग बॅगेला रक्त लागत नाही.

आता 250 मध्ये काय होतं. मला तीन रस्ते दिसतात.

पहिला, बाहेरच्या पाइपच्या फ्रेमची नवी बॅग, आल्प्स आउटडोअर्झची कमांडर किंवा तसलीच कुठली. सहसा 200 डॉलरच्या आसपास असते, सेलला कमीत मिळते. पिशवी काढून नुसत्या फ्रेमवर मांडी बांधता येते, खाली आधाराला शेल्फ असतं. वजन रिकामीच सात पौंडांच्या घरात आणि चालताना कुरकुरते, झाडीतून जाताना पाइप फांद्यांना अडकतात. धनुष्यवाल्याला ही कुरकुर महागात पडेल, रायफलवाल्याला एवढी नाही. पहिल्या सीझनला मी हिच्यावर नाराज होणार नाही.

दुसरा, चांगल्या कंपनीची जुनी वापरलेली. स्टोन ग्लेशियर, एक्सो, किफारू, मिस्टरी रँच, सीक आउटसाइड यांच्या नव्या बॅगा बजेटबाहेर आहेत, पण लोक दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल घेतात आणि जुनं विकतात, कोलोरॅडोत तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बघायचं, ऑगस्टमध्ये सगळे शोधायला लागतात आणि भाव चढतात. 250 ला अख्खी बॅग नाही मिळाली तरी नुसती फ्रेम-पट्टा मिळू शकतो, वर तुझीच ड्राय बॅग बांध. घेताना पट्टा हातात धरून फोम दाबून बघ, दाबल्यावर परत वर येतो का पापडासारखा चपटा राहतो. बकल सगळी लावून-सोडून बघ, खांद्याचे पट्टे फ्रेमला जिथे शिवलेत तिथली शिवण नखाने ओढून बघ, फ्रेम सपाट जमिनीवर ठेवून डुगडुगते का बघ. डाग आणि वास धुता येतात, वाकलेली फ्रेम सरळ होत नाही.

तिसरा रस्ता तुझ्यासाठी मला सगळ्यात बरा वाटतो. ट्रेकिंगची बॅग घेऊनच रानात जा आणि नुसती मालवाहू फ्रेम, पिशवीशिवायची, शंभर-सव्वाशेपर्यंतची किंवा वापरलेली, गाडीत ठेव. एल्क पडली की पहिल्या खेपेला ट्रेकिंगच्या बॅगेतून हाडं काढलेलं 40 पौंड मांस आणायचं, गाडीपाशी फ्रेम घ्यायची आणि मांड्यांसाठी परत जायचं. तुम्ही तिघं आहात, त्यामुळे हे जमतं, एकटा असतास तर मी हा सल्ला दिला नसता. लष्कराच्या जुन्या अॅलिस फ्रेमा स्वस्तात मिळतात, दणकट असतात, पण बुटक्या आहेत, तू साडेपाच फुटांच्या वर असशील तर लांबच्या चालीत खांदे भरून येतात.

ट्रेकिंगच्या बॅगेला आतून प्लास्टिकची पिशवी लावणार असशील तर सुगंधी कचरापिशवी अजिबात नको, ती खाण्यासाठी बनवलेली नसते. आणि प्लास्टिक फक्त वाटेपुरतं. मांसाचा खरा शत्रू उष्णता, कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत टांगलं की वाऱ्याने वरचा थर सुकतो आणि मांस टिकतं. गेम बॅगांना 40-50 डॉलर बाजूला काढच, ते बॅगेच्या बजेटमधून गेले तरी चालतील.

माप घेतल्याशिवाय काहीही घेऊ नकोस. उंचीवर जाऊ नको, पाठीची लांबी बघायची. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथून कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवून अंगठे मागे जिथे एका रेषेत येतात तिथपर्यंत, टेप पाठीला चिकटवून, दुसऱ्याकडून मोजून घे. आलेला आकडा कंपनीच्या तक्त्याशी जुळव. पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही, आणि घट्ट केल्यावर पुढे दोन्ही पॅडमध्ये थोडी फट राहिली पाहिजे, आधीच टेकले असतील तर पट्टा तुला मोठा आहे.

एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. रायफल सीझनला कोलोरॅडोत कमरेच्या वर 500 चौरस इंच फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी सगळ्या बाजूंनी दिसलं पाहिजे, शिवाय टोपी. कॅमो केशरी त्यात धरत नाहीत. तू बनियनसारखं व्हेस्ट घालशील आणि वर बॅग चढवलीस की मागून ते पूर्ण झाकलं जातं. बॅगेवर केशरी कव्हर बांध, दहा-पंधरा डॉलरला मिळतं. मित्राच्या टॅगवर नर मिळाला तर शिंगांना पण केशरी रिबन गुंडाळा, पाठीवरून शिंगं हलताना लांबून काय दिसतं ते सांगायला नको.

बॅग आली की तिच्यावरचा किमतीचा टॅग काढू नको, परत करायची मुदत असते. पाण्याचे गॅलनचे कॅन भर, एक कॅन साधारण सव्वाआठ पौंडांचा, तीन टाकून तासभर चाल, आठवड्याने चार, मग सहा. तुमच्या जवळच्या हॉर्सटूथच्या चढाला घेऊन जा आणि वर पोचलास की पाणी ओतून टाक, उतरताना गुडघ्यांना कशाला शिक्षा. घरात पाच मिनिटं घालून सगळ्याच बॅगा छान वाटतात, तासाभरानंतर जिथे दुखतं ते खरं.

आणि तिथे भरलेली फ्रेम उभ्याने पाठीवर घ्यायला जाऊ नकोस. उतारावर फ्रेम टेकवून ठेव, तिला पाठ लावून खाली बस, आधी कंबरपट्टा, मग खांदे, मग एका गुडघ्यावर येऊन काठीच्या आधाराने ऊठ. मांडी हाडासकट असेल तर ताठ राहते, बांधायला सोपी, हाडं काढलेलं मांस खाली सरकत जातं म्हणून गेम बॅगला मधोमध दोरीचा वेढा दे. जड भाग पाठीच्या मध्यापासून वर, पाठीला चिकटून. तुकडे केलेस किंवा सगळी हाडं काढलीस तरी लिंगाचा पुरावा (नर की मादी हे दाखवणारा अवयव) मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, ते कापण्याआधी आठवलं पाहिजे, त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेव, तिकडे रेंज नसते. घोड्यावर मांस आणून देणाऱ्या एखाद्या आउटफिटरचा नंबरही आधीच घेऊन ठेव, वन खात्याचा परवाना असलेलाच बघ.

आणि व्हिसावर असशील तर बंदूक हातात घेण्याचे फेडरल नियम वेगळे आहेत, ते वकिलाला विचारून घे, मित्र सांगतात त्यावर जाऊ नको.

प्रश्न: काका, मी मॉन्टानात बोझमनला असते, उंची पाच फूट एक इंच. नवरा म्हणतो माझीच बॅग वापर, उगीच खर्च कशाला. हरणाचा टॅग आहे, एल्कचा नाही. चालेल?

उत्तर: नवऱ्याची फ्रेम पाठीच्या लांबीला कमी करता येत असेल आणि कंबरपट्टा बदलता येत असेल तर चालेल, नाहीतर नाही. तुझी पाठ बहुतेक 15-16 इंच भरेल, त्याची 19-20, त्याच्या मापाला बॅग लावलीस तर पट्टा तुझ्या मांड्यांवर येईल. बऱ्याच कंपन्या छोटा पट्टा वेगळा विकतात, आधी तेवढाच घेऊन बघ, नवीन बॅगेपेक्षा खूपच स्वस्त पडतो. म्यूल डिअरचं हाडं काढलेलं मांस साधारण 50-70 पौंड होतं, दोघं असाल तर एकाच खेपेत उतरवाल, तेव्हा फार दणकट फ्रेमच्या मागे लागू नकोस.

पण तुमच्याकडे ग्रिझली अस्वलं आहेत. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) बॅगेच्या आत किंवा बाजूच्या खिशात नको, कंबरपट्ट्यावर किंवा छातीच्या पट्ट्यावर, आणि बॅग भरलेली असताना, हातमोजे घालून तो दोन सेकंदांत हातात येतो का हे घरी बघ. बॅग खाली ठेवून मांस कापायला बसलात की स्प्रे बॅगेबरोबर लांब जातो, म्हणून त्याचं म्यान सुटं घे, पँटच्या बेल्टला लागेल असं. एकाने कापायचं, दुसऱ्याने आजूबाजूला बघायचं. काम अर्धवट टाकून यावं लागलं तर मांस आतड्यांपासून शंभर-दीडशे पावलं लांब, मोकळ्यावर, दुरून दिसेल असं ठेवा आणि परत येताना आधी दुर्बिणीने बघून, आवाज करत जा.