फ्रेंच चित्रकार मोनेच्या 'चार झाडं' या चित्रात पाहण्यासारखं नक्की काय आहे?

तुम्ही लिहिलंय की चार सरळ खोडं आणि पाणी याखेरीज तुम्हाला या चित्रात काही सापडलं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मीही गोंधळलो होतो. झाडांना शेंडेच नाहीत! मग उमगलं, की आपण काठावर उभे नाही, पाण्यात आहोत.

मोने खरोखरच पाण्यात होता. फ्रान्समधल्या जिव्हेर्नी या गावाजवळ एप्त नदीत नाव बांधून तो ही पॉप्लर नावाची उंच, सरळ झाडं रंगवायचा. नावेत बसलेल्या माणसाला काठ म्हणजे एक पट्टी दिसते, उंच झाडांचे शेंडे नजरेबाहेर जातात आणि प्रतिबिंबं थेट पायाशी येतात. म्हणून चित्रात खोडं वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सलग उतरतात. ती मधली पट्टी हाताने झाका, झाड कुठे संपलं आणि पाणी कुठे लागलं हे सांगता येणार नाही. मला हे चित्र आवडतं ते यासाठी.

ही झाडं लिमे गावाच्या मालकीची. १८९१ च्या उन्हाळ्यात चित्रं अर्धवट असतानाच गावाने त्यांचा लिलाव काढला. मोनेने एका लाकूड व्यापाऱ्याला गाठलं: तू ठरवलेल्या रकमेच्या वर बोली गेली तर वरचे पैसे मी भरतो, पण माझं काम होईपर्यंत झाडं तोडू नकोस. व्यापारी कबूल झाला, झाडं उभी राहिली. तोडायच्या झाडांसाठी पदरचे पैसे घालणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

घाई उन्हाचीही होती. नावेत कॅनव्हास खाचांत उभे लावलेले असत. उजेड बदलला की तो चित्र बदलायचा. त्याची शेजारीण, चित्रकर्ती लिला कॅबट पेरी हिने लिहून ठेवलंय की त्यातल्या एका चित्राला रोज जेमतेम ७ मिनिटं मिळत, ठरावीक पानावरून ऊन सरकेपर्यंत. पाठीमागे वळत गेलेली पॉप्लरची रांग पाहा, म्हणजे इतके तुटक फटकारे का, ते कळेल. पान न्‌ पान काढायला वेळच नव्हता, आणि त्याला पानं काढायचीही नव्हती.

अशी दोन डझनांच्या आसपास चित्रं झाली. त्यातली १५ त्याने १८९२ मध्ये पॅरिसला दुराँ-रुएल या चित्रविक्रेत्याच्या गॅलरीत एकत्र मांडली. आज ती विखुरली आहेत. लंडनच्या टेट संग्रहालयातलं आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातलं, ही दोन तरी स्क्रीनवर याच्या शेजारी ठेवून पाहा.