एकशे नव्वद डॉलर आले कुठून?

फोंडा, मे महिना

प्रिय बाय,

हवामानबदल आणि कार्बन करावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वीज गेलेली, व्हरांड्यात घाम पुसत. तेव्हा शेरे जरा तिखट झाले असतील तर समजून घे.

पहिल्याच पानावर कार्बनची सामाजिक किंमत, म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्याने जगाचं होणारं नुकसान, टनाला १९० डॉलर लिहून तू मोकळी झालीस. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा २०२३ चा आकडा आहे, खोटा नाही. पण तो २ टक्के डिस्काउंट रेट (पुढचं नुकसान आजच्या पैशात मोजताना दरवर्षी किती कमी धरायचं तो दर) धरून निघतो, हे तुझ्या पानावर कुठेच नाही. कागद घे. शंभर वर्षांनी होणारं शंभर रुपयांचं नुकसान ५ टक्के दराने आज फक्त ७६ पैशांचं ठरतं आणि १.४ टक्क्यांनी जवळजवळ २५ रुपयांचं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांचा हवामानबदलावरचा अहवाल २००६ मध्ये आल्यावर अमेरिकन अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउस यांच्याशी जो वाद झाला, तो मुख्यतः या दरावरूनच.

तापमानाला तू वार्षिक सरासरी घेतलीस. गोव्याच्या सरासरीत काय दिसणार? समुद्र ती सपाट करून ठेवतो. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांचा भारतीय कारखान्यांवरचा २०२१ चा निबंध वाच. वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे २ टक्क्यांनी घटतं, हे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: कामाची जागा थंड ठेवली तर कामाचा वेग सावरतो, गैरहजेरी मात्र सावरत नाही.

याचं कारण मला इथल्या एका काजूच्या कारखान्यात कळलं. बिया फोडणारी बाई, चिकाने काळी पडलेली बोटं राखेत बुडवत म्हणाली, ‘‘हांगा पंखो आसा, सर. घरा पत्रे.’’ रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी अंग उचलत नाही. मजुरी किलोवर, खाडा झाला की तेवढे किलो गेले.

आता कर. ‘भारतात कार्बनवर कर कधीच नव्हता’ हे वाक्य खोड. २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर होता, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पुढच्या वर्षी त्याची जागा जीएसटीच्या भरपाई उपकराने घेतली आणि स्वच्छ ऊर्जेच्या नावाने जमणारा पैसा राज्यांची तूट भरायला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही उपकर संपला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वर्तमानपत्रांनी चार ओळींत उरकलं. पण वजनावरचा कर किमतीवर गेला, बाय! १५०० रुपये टनाच्या कोळशावर आधी ७५ अधिक ४०० असे ४७५ रुपये पडायचे, आता २७० पडतात. ५००० रुपयांच्या कोळशावर ६५० होते, ते ९०० झाले. स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा जास्त राखेचा. तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. आणि सूट त्यालाच.

वास्कोच्या गॅलरीतली काळी पूड हाताला लागते, म्हणून मुरगाव बंदरातल्या कोळशावर आपण तावातावाने बोलतो. बोलायलाच हवं. पण आपल्या घरातल्या पंख्यासाठी कोळसा जळतो तो कोरब्याच्या, विंध्याचलच्या वीज केंद्रांत, छत्तीसगड-मध्य प्रदेशात. तिथे कुठल्या दर्जाचा कोळसा, कुठल्या भावाने, कर बदलण्याआधी आणि नंतर, एवढं जरी महिन्यागणिक मांडलंस तरी माझ्या मते प्रबंध उभा राहतो. १९० डॉलरवाला भाग परिशिष्टात टाक.

आणि त्या काजूच्या कारखान्यात जाऊन ये. सकाळी आठच्या आत जा. नंतर किलोचा हिशेब सुरू झाला की ती मान वर करून बघतसुद्धा नाही.

तुझा,
सर