ट्राजनच्या स्तंभावरील युद्ध

प्रश्न : रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभावर कोरलेले युद्ध कितपत विश्वासार्ह मानावे?

उत्तर : इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या या स्तंभावर डेशियातील (आजच्या रोमानियाच्या परिसरातील) ट्राजनच्या दोन मोहिमा कोरलेल्या आहेत. परंतु त्यांत लढायांपेक्षा रस्ते, छावण्या बांधणारे आणि लाकडे तोडणारे सैनिकच अधिक दिसतात, आणि मला तरी हाच त्यातील सर्वांत खरा भाग वाटतो. चिलखतांबाबत मात्र सावध राहावे. मुख्य सैन्याला पट्ट्यांचे आणि साहाय्यक तुकड्यांना कड्यांचे चिलखत देऊन शिल्पकारांनी ओळख सोपी केली. प्रत्यक्षात ही विभागणी इतकी काटेकोर नव्हती. अखेरीजवळचा एक प्रसंग अवश्य पाहावा : डेशियाचा पराभूत राजा डेसेबालस झाडाखाली गुडघा टेकून वक्र शस्त्र स्वतःच्या गळ्याशी नेतो आहे आणि रोमन घोडेस्वार त्याच्याकडे झेपावतो आहे.