आधी एकच अल्बम, तोही पूर्ण

रॉक संगीताच्या अल्बमांची यादी मागितलीस, पण पन्नास नावं देणार नाही. रॉकच्या प्रत्येक प्रकारातलं एकच नाव. महिनाभर एकच अल्बम ऐक, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न बदलता.

हेवी मेटलसाठी (जड गिटारचं रॉक) ब्लॅक सबाथ या बँडचा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (1971) घे. गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची हीच बोटं! त्यानं प्लास्टिकच्या टोप्या बनवल्या, आणि या अल्बममधल्या काही गाण्यांत तारा सैल करून तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तो जड, खर्जातला आवाज पुढच्या कितीतरी बँडनी उचलला. मोबाइलच्या स्पीकरवर तो कळणारच नाही, हेडफोन हवाच.

पंकसाठी (साधं, वेगवान रॉक) रामोन्स या बँडचा 1976चा पहिला अल्बम. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत संपतात. ठाण्याहून वाशीची लोकल पकड, उतरेपर्यंत ऐकून होईल. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, मात्र गाडीत नको. किंग क्रिमसनचा 1969चा पहिला अल्बम रात्री, घर शांत झाल्यावर लाव. ग्रंजसाठी (पंक आणि मेटलच्या मिश्रणातलं रॉक) निर्वाना बँडचा 'नेव्हरमाइंड', 1991.

एखादा नाही आवडला तर सोडून दे, सहा महिन्यांनी परत लाव. मला क्रिमसन तिसऱ्या खेपेला उमगला.