अठ्ठावन्न झाले, आता थांबू का?

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून एकाच कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. तीन महिन्यांनी ५८ पूर्ण होतील. कंपनी म्हणते, अजून दोन वर्षं कंत्राटावर राहा, तिन्ही पाळ्या कराव्या लागतील, सव्वीस हजार देऊ. मुलगी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी राहावं असं वाटतं. पण गेल्या महिन्यात रात्रपाळीला गेज ग्लाससमोर पाच मिनिटं डोळा लागला. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. मुलगी म्हणते, मी शिक्षण सोडून नोकरी करते, तुम्ही बसा. घरी बसून मी काय करणार, हेही कळत नाही. मुलांना तुम्ही वाट दाखवता, मला दाखवाल का?"

नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालानंतर माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो, पण बापाने स्वतःसाठी लिहिलेलं पत्र क्वचित येतं. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. निवृत्ती हाही करिअरचाच निर्णय आहे आणि तो बारावीनंतरच्या निर्णयाइतक्याच काळजीने घ्यायला हवा.

आधी त्या पाच मिनिटांबद्दल. गेज ग्लासच्या काचेत बॉयलरचं पाणी खाली गेलेलं दिसलं नाही तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. नळ्या तापतात, आणि तिथून पुढचं फक्त तुमच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाही. तीस वर्षं निष्काळजीपणा न केलेल्या माणसाचा डोळा लागतो तेव्हा शरीर काहीतरी सांगत असतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: रात्रपाळीच्या कंत्राटावर सही करू नका. सव्वीस हजारांवर नको, तीस हजारांवरही नको. आणि हे बायकोला आजच सांगा.

आता पैसे. तुम्ही आकडे मोकळेपणाने दिलेत म्हणून हिशेब मांडता येतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,००० आणि नोकरी तीस वर्षं. ग्रॅच्युइटी म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. ती ४ लाख १५ हजारांच्या आसपास होते. पीएफचे चौदा लाख. एकूण अठरा लाखांच्या थोडं वर. घर स्वतःचं, कर्ज नाही, कॉलेज सोडून महिन्याचा खर्च बावीस हजार.

पीएफ ऑफिसकडून मिळणारी पेन्शन किती, असं तुम्ही विचारलंय. फार आशा ठेवू नका. ती पूर्ण पगारावर धरत नाहीत. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना कमाल ६,५०० आणि नंतरच्या वर्षांना कमाल १५,००० रुपये पगार धरतात, त्याला वर्षांनी गुणतात आणि सत्तरने भागतात. तुमच्या बाबतीत ती साडेचार हजारांच्या आसपास येईल. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की पेन्शन साठीपर्यंत लांबवा, वर्षाला चार टक्के वाढते. वाढते, हे खरं. पण साडेचार हजारांचे चार टक्के म्हणजे महिन्याला १८० रुपये, आणि त्यासाठी वर्षभराचे ५४,००० सोडायचे. ते भरून यायला पंचवीस वर्षं लागतील. ५८ पूर्ण झाल्यावर लगेच फॉर्म १०-डी भरा. पुढे कुठे काम केलंत तरी ही पेन्शन थांबत नाही.

अठरा लाखांपैकी तीन लाख बँकेत हाताशी ठेवा. पंधरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठी झालेली नसली तरी निवृत्तीचे पैसे असतील तर ५५ नंतर खातं उघडता येतं, मात्र पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला. पंधरा लाखांवर तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. पेन्शन धरून पावणेपंधरा हजार होतात.

म्हणजे कमी पडतात सव्वासात हजार. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त हेच जाणवलं. तुमच्या डोक्यात अख्खा पगार बंद होतोय, म्हणून अख्खी नोकरी धरून ठेवायची असं चाललंय. खड्डा सात हजारांचा आहे, आणि तो बुजवायला तीन पाळ्या आणि रात्रीची झोप विकायची गरज नाही. तुमच्याकडे पहिल्या वर्गाचं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे. कायद्याने अशा माणसाशिवाय बॉयलर चालवता येत नाही. कंपनीला सांगा: जनरल शिफ्ट, आठवड्याचे तीन दिवस, नव्या मुलांना शिकवणं आणि वार्षिक तपासणीची तयारी. त्यासाठी बारा हजार मागा. सव्वीस देणाऱ्याला बारा जड नाहीत. नाहीच म्हणाले तर काजू कारखाने आहेत, मोठ्या हॉटेलांच्या लाँड्र्या आहेत, तिथे विचारा.

जे ठरेल त्यात दोन गोष्टी लेखी घ्या. एक, तीस वर्षांची ग्रॅच्युइटी ५८ ला हातात, दोन वर्षांनी एकदम नव्हे. दुसरी, पुढचं काम कंपनीच्या हजेरीपटावर की ठेकेदाराच्या. आणि पीएफच्या नोंदीतली जन्मतारीख आधारशी जुळते का, हे या आठवड्यातच बघा. एका आकड्याच्या फरकाने माणसं महिनोन्महिने खेपा घालतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं, कार्डही चालू आहे ना, तपासून ठेवा.

इथवर हिशेब झाला. "घरी बसून काय करणार" या प्रश्नाला हिशेबाने उत्तर मिळत नाही.

माझे वडील दुर्भाटच्या फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावरही पहाटे साडेचारला उठून सोप्यावर बसायचे. आमच्या घरातून नदी दिसत नाही, पण पहाटे इंजिनाचा आवाज यायचा. ते मान कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, "नवीन पोरगा दिसतो, रेझ जास्त करतोय." सहा वाजता पोदेराची पों-पों ऐकू यायची, पाव घ्यायचे, आणि मग दिवस संपायचा. सहा वाजताच! पुढचे सोळा तास ते घरात फिरायचे. आईने डबे कुठे ठेवावेत, नारळ किती खवावा, मासळी कुणाकडून घ्यावी, सगळ्यात लक्ष. एक दिवस आईने नारळ खवायची आदोळी बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाली, "तीस वर्षांत तुमच्या बोटीवर येऊन इंजिन कसं चालवायचं ते मी सांगितलं नाही."

वडील त्या दिवशी जेवले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला आईचा राग आला होता. आज वाटतं, तिच्या बाजूने कुणी विचारच केला नव्हता. घर ही तिची कामाची जागा होती आणि तिथे न विचारता एक साहेब रुजू झाला होता.

आठेक महिने असेच गेले. मग वाड्यावरची तीन मुलं आयटीआयला डिझेल मेकॅनिकला लागली, त्यांना वडील मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी शिकवायला लागले. सोप्यावर जुना पंप उघडलेला, खाली वर्तमानपत्र, ऑइलचा वास. फक्त दोन संध्याकाळी, पण सोमवारी ते नट-बोल्टचे पाने धुऊन ठेवायचे आणि गुरुवारी नट शोधत बसायचे. कुणीतरी ठरल्या वेळेला आपली वाट बघतंय, एवढ्यानेच त्यांना आठवडा परत मिळाला.

म्हणून "आता भजन करा, कुळागर बघा, पोफळी सांभाळा" हा सल्ला मी देत नाही. तुम्ही लिहिलंय की देवळात पखवाज वाजवता. वाजवाच. पण भजन एकादशीला आणि सप्ताहाला, गणपतीवरची माटोळी चवथीला. अडचण बुधवारी सकाळी साडेदहाला येते. त्या वेळी कोण तुमची वाट बघणार, हे आधी शोधा.

आणि आधीच करून बघा. शिल्लक रजेतली पंधरा दिवसांची रजा आत्ता काढा. चवथ, शिगमा किंवा लग्नसराईत नको, साध्या दिवसांत. या पंधरा दिवसांत निवृत्त माणसासारखं राहा: लांबलेली दुरुस्ती काढायची नाही, पाहुण्यांकडे जायचं नाही. रोज रात्री दोन ओळी लिहा, कुठला तास गेला आणि कुठला जाता जाईना. आठव्या दिवशी बायकोला विचारा की तिला कसं वाटतंय, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. अकरावीला शास्त्र घ्यायचं ठरवणाऱ्या मुलाला मी आठवडाभर त्या वर्गात बसून यायला सांगते, तसंच हे. तुम्ही स्वतः बॉयलर एका झटक्यात बंद करत नाही, दाब हळूहळू उतरू देता. तीन दिवसांचं काम मी सुचवते ते केवळ सात हजारांसाठी नाही.

२०१२ ला आणि पुन्हा २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सावर्डे, कुडचडे भागातली बरीच कुटुंबं माझ्याकडे मुलांच्या शिक्षणासाठी आली. ट्रकांचे हप्ते डोक्यावर होते, तो घोर वेगळाच. पण पंचेचाळिशीतले कर्तबगार बाप गावच्या तिंट्यावर, तिठ्यावर, नुसते उभे असलेले मी पाहिलेत, कारण काम कधी संपणार हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे तारीख आहे आणि तीन महिने आहेत. ते वाया घालवू नका.

राहिली मुलगी. तिने शिक्षण सोडायचा प्रश्नच येत नाही. दोन वर्षं राहिलीत, आणि अर्ध्यावर सोडलेल्या इंजिनिअरला जी नोकरी मिळेल तिने तुमचं घर चालणार नाही, तिचंही नाही. व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. पर्वरीच्या कार्यालयात दोघांनी मिळून जा आणि अटी समजून घ्या. कर्ज तिच्या नावावर होईल याचा संकोच वाटून घेऊ नका. मी नोकरी करते म्हणणारी मुलगी कर्जाचा हप्ताही भरेल.

आणि वरचा हिशेब तिच्यासमोर मांडा, आकड्यांसह. "बाबा बसले तर घर कसं चालणार" एवढंच तिला माहीत आहे, म्हणून ती घाबरून शिक्षण सोडायला निघाली आहे. खड्डा सात हजारांचा आहे हे तिला कळू दे. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप कुठे करावी, यावर मला तिच्याशी बोलायचंच आहे. रजेचे पंधरा दिवस संपले की तुमची वही घेऊन तिच्यासोबत या.