साच्यातल्या घरांना स्थानिक चेहरा राहतो का?

राहतो. एकसारखी घरं बांधली की वस्तीचा चेहरा हरवतो, ही शंका रास्त आहे. पण नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत पाहा. १९८०च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ती आखली. सात घरं ८ मीटर बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरांचा १२ मीटर बाय १२ मीटरचा चौक. साचा म्हणावा तो एवढाच! घराघरांत सामायिक भिंत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न दुखवता खोली वाढवता येते. उतरती कौलं, विटांच्या भिंती, सगळं गवंड्याच्या हातचं काम. पुढे अनेकांनी मजले चढवले, काहींनी मूळ घर पाडून नवं बांधलं. अंगणं मात्र टिकली, आणि मला तीच वस्तीची खरी ओळख वाटते.