गॅरेजमधून थेट घाटात नको

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. आजोबांची १९७५ची पद्मिनी तू बाहेर काढलीस, इंजिनचं काम करून घेतोयस आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटाने रत्नागिरीला उतरायचं म्हणतोस. जरूर जा. हवाही तेव्हा थंड असते आणि या गाडीला ती मानवते. पण गाडी गॅरेजमधून हातात आली की निदान तीन आठवडे लांबचा रस्ता धरू नकोस. आख्ख्या पत्रातलं एवढंच ऐकलंस तरी मला पुरे आहे.

जुनी गाडी वाटेत बसते ती म्हातारी झाली म्हणून कमी आणि नुकतंच काम झालंय म्हणून जास्त. होसची क्लिप अर्धा आटा सैल राहते. अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली असते. नवे ब्रेक शू ड्रमला घासतात. हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली पातळ पट्टी) गरम-थंड होऊन थोडं दबतं आणि नट पुन्हा आवळायचे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. यात मिस्त्रीची बेइमानी नसते, कामाचा स्वभावच तसा असतो. काम झालं की ते बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरापासून रिक्षाच्या अंतरावर काढावा.

पहिला आठवडा गावात आणि होटगी रोडवर फिरव. रात्री गाडी लावताना इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत खाली मोठा पुठ्ठा अंथर आणि पुढच्या दोन चाकांचा अंदाज घेऊन त्यावर खुणा कर. सकाळी पुठ्ठा वाच. काळा चिकट थेंब पुढे पडला असेल तर टायमिंग कव्हरकडे बघ, मागे बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाखाली) असेल तर मागच्या ऑइल सीलकडे. कूलंटचा रंगीत ठिपका वॉटर पंपाखाली दिसला तर पंपाचं सील जातंय. चाकाच्या आतल्या बाजूला पाण्यासारखा पातळ पण बोटाला निसरडा डाग म्हणजे ब्रेक ऑइल, आणि तो दिसला की गाडी त्या दिवशी हलवायची नाही. पेट्रोलचा डाग सकाळपर्यंत उडून जातो, म्हणून त्यासाठी रात्री इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी नाकानेच तपास.

दुसऱ्या आठवड्यात अक्कलकोट. चाळीसेक किलोमीटर, सपाट रस्ता. पोचल्यावर ब्रेक न लावता गाडी हळूहळू थांबू दे, मग उतरून चारही चाकांच्या मधोमध हाताची मागची बाजू जवळ ने. चारही सारखी कोमट असली तर ठीक. एकच तापलं असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. जॅक लावून चाक फिरवलं की दोघांतलं कोण ते कळतं.

मग तुळजापूर, ४५ किलोमीटर, कारण शेवटी घाट आहे. इथे डोळा तापमानाच्या काट्यावर ठेव. काटा कधी चढतो हे नेमकं लिहून ठेवशील तर मिस्त्रीचे दोन दिवस वाचतील. गर्दीत आणि सिग्नलला चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, म्हणजे हवा कमी पडते: बेल्ट सैल, पंखा, किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा. उलट गावात शांत आणि ६० च्या वेगाला चढत जातो, म्हणजे पाणी कमी फिरतंय: रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजल्यात. आपल्याकडे बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाड्यांचं हेच होतं. रेडिएटर काढून, टाकी उघडून नळ्या साफ करून घे आणि पुढे कूलंट व बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी याशिवाय काही घालू नकोस. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. एकदा उकळली आणि तशीच दामटली तर हेड वाकतं, मग नुसत्या नव्या गॅस्केटने भागत नाही, लेथवर नेऊन पृष्ठभाग घासून घ्यावा लागतो.

गाडी तापायचं तिसरं एक कारण आहे आणि ते रेडिएटरच्या आसपासही नसतं. डेल्कोची (म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची) टोपी काढ, आत फिरणारा रोटर उपस आणि ठिणगीसाठी उघडमीट करणारे पॉइंट बघ. दोन टोकं एकमेकांना भेटतात तिथे एका टोकावर बारीक खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसेल. शेजारी कॅमवर घासणारी फायबरची टाच असते. ती झिजली की पॉइंटची फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते, आणि उशिरा पडलेल्या ठिणगीने गाडी ओढत नाही व तापते. दोष डेल्कोत आणि खर्च रेडिएटरवर, असं फार वेळा होतं. फट पातळ पात्यांच्या फिलर गेजने मोज, ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर हवी. टाचेपाशी कॅमवर ग्रीसचा मुगाएवढा ठिपका लाव, जास्त नको, नाहीतर उडून पॉइंटवर बसतं. नवे पॉइंट बसवले की ५०० किलोमीटरनंतर फट पुन्हा मोज, कारण नवी टाच सुरुवातीला भरभर झिजते.

शेवटची फेरी पंढरपूरची, जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास, मध्ये जास्त न थांबता. तोवर इंजिनच्या नव्या कामावर तीनशे-चारशे किलोमीटर झालेले असतील. मग इंजिन ऑइल बदल, थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघून घे, आणि हेडचे नट मिस्त्रीकडून ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्यानेच तपासून घे.

आता मिस्त्रीचं. तू विचारलंयस की भरवसा कसा ठेवायचा. आख्खं इंजिन देऊन माणूस ओळखता येत नाही. आधी छोटं काम द्यायचं: पॉइंट-प्लग आणि टॅपेट. त्याच्या हाताकडे बघ. फिलर गेज काढतो की नखाने अंदाज घेतो? टॅपेटला हात लावण्याआधी इंजिन गार आहे का विचारतो का? काढलेले नट ताटलीत ठेवतो की बॅटरीवर? काम झाल्यावर स्वतः गाडी चालवून येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खराब निघालेला भाग हातात देताना तो का गेला हे सांगतो का? "कंडेन्सर गेला, बदलला" म्हणणारा आणि "पॉइंट जळलेले दिसले म्हणून कंडेन्सर तपासला" म्हणणारा, यांत फार अंतर आहे. (कंडेन्सर म्हणजे पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेला छोटा भाग.) पहिला भाग बदलतो, दुसरा दुरुस्ती करतो.

तुझ्याही बाजूने काही नियम पाळ. काय काम करायचं ते कागदावर लिहून दे, आणि त्यापलीकडे काही निघालं तर फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही हे आधीच ठरव. काढलेले सगळे भाग परत माग. संशय म्हणून नको, शिकायला मिळतं म्हणून. पार्टचे पैसे आगाऊ दे, मजुरीत घासाघीस करू नकोस. कार्बोरेटर आणि डेल्को समजणारे हात आपल्या गावात आता मोजके उरलेत, त्यांना दोन पैसे जास्त गेले तरी ते आपल्याच गाडीसाठी जातात. आणि "उद्या सकाळी निघायचंय" असं म्हणून गाडी कधीच लावू नकोस. घाईतल्या कामाला मिस्त्री जेवढा जबाबदार, तेवढाच घाई लावणारा.

एक वही कर. तारीख, किलोमीटर, काय काम, कोणाच्या हातून, कुठल्या कंपनीचा पार्ट. डॅशबोर्डखाली ठेव. परक्या गावातला मिस्त्री तुझ्यावर विश्वास ठेवतो तो या वहीमुळे, आणि तुला त्याच्यावर कितपत ठेवायचा हेही तीच सांगते.

पेट्रोलकडे वेगळं लक्ष दे. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते फुगवतं आणि मऊ करतं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदल, इथेनॉल चालेल असा पाइप मागून घे. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही (आतला रबरी पडदा) त्याच जातीचा हवा. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉलने सुटतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये (बारीक भोकात) येऊन बसतो. पारदर्शक फिल्टर लाव, दोन जास्तीचे जवळ ठेव. उन्हात पंप तापून आत वाफ धरते, चढावर गाडी धक्के खात थांबते. अशा वेळी काहीही उघडू नकोस. बॉनेट वर कर, आपल्याकडचा सुती टॉवेल भिजवून पंपावर टाक, वीस मिनिटं सावलीत बस. वाफ असेल तर गाडी सुरू होते. नाही झाली तर मग शोध घे.

शोधाचा क्रम ठरलेला ठेव: आधी ठिणगी, मग पेट्रोल. प्लगची वायर काढून जास्तीचा प्लग लाव, त्याची बॉडी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकव, सेल्फ मारायला लाव. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी आणि मलूल असेल तर आधी कंडेन्सरवर संशय घे, हा भाग गरम झाल्यावरच दगा देतो आणि गार झाल्यावर साळसूद होतो. ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळ. वाटेत भेटलेला मिस्त्री पहिल्यांदा कार्बोरेटर उघडायला निघाला तर नम्रपणे थांबव आणि म्हण, "दादा, आधी स्पार्क बघू." ऐकणारा निघाला तर गाडी त्याच्या हातात दे. पण त्यालाही घरी पोचण्यापुरतंच काम सांग. सांगोल्याच्या रस्त्याकडेला हेड उतरवायचं नसतं. त्यापेक्षा टेम्पोवर चढवून आणलेली गाडी स्वस्त पडते.

डिकीत काय ठेवायचं तेही सांगतो. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, फॅनबेल्ट, वरचा-खालचा होस, पेट्रोल पंपाचं किट, दोन प्लग, फ्यूज, टेस्ट लॅम्प, पाच लिटर पाणी, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली. यातले कंडेन्सर आणि रोटर नवे कोरे ठेवू नकोस. नवे गाडीला लावून हजार किलोमीटर चालव, आणि उतरवलेले चांगले जुने डिकीत टाक. बाजारात सुमार माल इतका आहे की चाललेला जुना भाग न चाललेल्या नव्यापेक्षा भरवशाचा. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर ताबडतोब बाजूला घे. चार्जिंगचा बेल्टच वॉटर पंपही फिरवतो, तो तुटला असेल तर पाच मिनिटांत पाणी उकळेल.

ब्रेकवर वाद नको. चारही ड्रम आहेत. रबरी होस बाहेरून ठणठणीत दिसले तरी आतून सुजतात, सगळे बदल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांत बदलायचंच. आंबा घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये उतरायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपुढचं टायर घेऊन घाटात जाऊ नकोस.

कागदाचं थोडक्यात. आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी तपास. गाडी ५० वर्षांची झाली म्हणून विंटेज नोंदणीचा मोह होईल. ती घेतलीस तर प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. तुला रत्नागिरी गाठायचंय, तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेव.

पंढरपूरहून आलास की दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्कोची टोपी काढून पॉइंटचा जवळून फोटो घे आणि रात्रीच्या पुठ्ठ्याचाही, आणि दोन्ही मला पाठव. ते बघून निघायची तारीख ठरवू.

तुझा,
काका